साठांतले बावीस

गॅलरीवाल्याने बाविसावा कागद खिडकीशी नेला, भिंग लावलं आणि मान हलवली. ही मान होकाराची नाही, हे चित्रकाराच्या बायकोला टेबलाच्या या टोकावरूनच कळलं.

टेबलावर साठ कागद होते आणि साठांवर एकच चित्र, घोडेस्वारांच्या एका बड्या स्पर्धेचं. पांढऱ्या अडसरावरून झेपावलेला तांबूस घोडा, मागे झेंडे, तंबू, आणि घोडा सोडून एकमेकींच्या टोप्या न्याहाळणाऱ्या नटूनथटून आलेल्या बायका. चित्रकार जन्मात घोड्यावर बसला नव्हता, पण त्या एका झेपेपायी त्याने दोन वर्षं घालवली होती. चित्र कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून ठसे काढायचे ते फक्त साठ. मग पत्र्यावर आडवा ओरखडा ओढून तो कायमचा बाद करायचा आणि प्रत्येक कागदाखाली चित्रकाराने स्वतः पेन्सिलीने क्रमांक घालून सही करायची, असा या धंद्याचा रिवाज. पत्रा कधीच बाद झाला होता. उरल्या होत्या सह्या.

आणि नेमका तेव्हाच चित्रकार विसरायला लागला. आधी चष्मा, मग घरचा रस्ता, मग आपण जेवलो की नाही ते. तरी रोज सकाळी दाढी करून तो टेबलाशी बसे. सह्या करायच्या आहेत, एवढं मात्र त्याच्या पक्कं लक्षात राही. दिवसाला पाच-सहा व्हायच्या. अक्षरं वाकडी होत, खाली घसरत. बाविसाव्या कागदावर तो अडला. माझं नाव कशाने सुरू होतं, असं त्याने बायकोला हळूच, शरमून विचारलं. तिने पहिलं अक्षर काढून दाखवलं. पुढचं त्याने कसंबसं ओढलं. त्यानंतर त्याने पेन्सिल हातात धरली नाही.

उरलेल्या अडतीस सह्या तिने केल्या. तीस वर्षं त्याचा सगळा पत्रव्यवहार त्याच्या नावाने तिनेच सांभाळला होता, ती सही तिच्या बोटांत होती. लबाडी ती लबाडीच, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण ह्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नाही असं एकदा बाहेर पडलं, की लोक चित्र बघायचं सोडून ह्यांची कीव करणार. ते तिला सोसवलं नसतं.

गॅलरीवाल्याने कागदांचे दोन गठ्ठे केले, एक अडतिसांचा आणि एक बाविसांचा. अडतिसांवर हात ठेवून तो म्हणाला, की ही सही मी झोपेतसुद्धा ओळखीन. मग त्याने दुसऱ्या गठ्ठ्याकडे बोट केलं.

"वहिनी, या सह्या यांच्या नाहीत. कोणी केल्या?"

चित्रकार खुर्चीत बसून घोड्याकडे कौतुकाने बघत होता. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या ओठांवर आलंही होतं.

"मी केल्या," ती म्हणाली. "ह्यांना कंटाळा आला होता."

गॅलरीवाला भला माणूस. त्याने आवाज चढवला नाही. इतक्या वर्षांत तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, एवढंच म्हणाला. खोट्या सहीचा कागद चित्रकारासमोरच फाडायचा, हाही रिवाज. त्याने बावीसच्या बावीस एकेक करून उभे-आडवे फाडले. घोडा, झेंडे, टोप्या, आणि तळाशी घसरत गेलेली ती अक्षरं. तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. अडतीस कागद जपून फोल्डरमध्ये घालून तो निघून गेला.

ती जमिनीवर बसून तुकडे गोळा करू लागली आणि मग तिला रडू आवरेना. चित्रकार उठला. गुडघ्यांवर हात टेकत तिच्याशेजारी बसला. एक तुकडा उचलून त्यावरची सही त्याने बराच वेळ निरखली. मग तिच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नकोस गं," तो म्हणाला. "माझी सही जमायला अवघडच आहे."