नवव्या मजल्यावरून

वीज गेल्यानं लिफ्ट बंद होती. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडकत होतं. छातीत कळ येऊन घामाघूम झालेल्या बाबांना नऊ मजले चालवत नेणं म्हणजे जिवाशी खेळ. अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर साठीचा. वर येईपर्यंत त्यालाच इतकी धाप लागली होती, की पेशंट कोण असा प्रश्न पडावा. तिनं कपाटातून गिर्यारोहणाचे पट्टे काढले, बाबांना पाठीवर घेतलं आणि करकचून बांधलं.

ड्रायव्हर टॉर्च धरून पुढे झाला.

वर्षभर ती याच जिन्यावर पाठीवर वाळूची पिशवी घेऊन चढ-उतार करत होती. हिमालयातल्या एका शिखरासाठी तिनं हॉस्पिटलातली एक्स-रेची नोकरी सोडली होती. महिन्याभरात निघायचं होतं. “हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलीय,” एवढं बाबा तेव्हा म्हणाले, आणि त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. घरात दोघंच, पण मीठ हवं असलं तरी ते भिंतीला सांगायचे.

आता त्यांचा श्वास तिच्या मानेवर आपटत होता. वाळू श्वास घेत नाही, एवढाच काय तो फरक.

“बाबा, बोलत राहा.”

एक मजला उतरल्यावर ते पुटपुटले, “हिमालयात जिने असतात?”

“नाही.”

“मग कशाला ही तालीम?”

तिला हसू आलं असतं, पण छातीत तेवढी हवा नव्हती.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पाऊल निसटलं. कठडा हाताला लागला म्हणून दोघं वाचले, पण उजव्या गुडघ्यात काडकन वाजलं. डोळ्यांपुढे अंधार आला.

“कसला आवाज?” बाबांनी विचारलं.

“पट्टा सरकला.”

ड्रायव्हरनं वळून पाहिलं. मी घेतो म्हणाला. पट्टे सोडून पुन्हा बांधायला वेळ कुठं होता? तिनं त्याला हातानंच पुढे व्हायला सांगितलं. भिंतीला खांदा घासत, दुखरा पाय आधी टाकत, ती एकेक पायरी उतरू लागली. गुडघा दर पायरीला वेगळ्याच दिशेला जात होता. तेवढ्यात बाबांचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलं.

“बाबा, शिव्या द्या, पण बोला.”

त्यांच्या बोटांनी तिची कॉलर घट्ट धरली. त्या पकडीवर विश्वास ठेवून ती खालपर्यंत पोचली.

ड्रायव्हरनं पट्टे सोडले, बाबांना आत निजवलं, तोंडावर ऑक्सिजन लावला. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले.

“चला ताई, बसा लवकर,” ड्रायव्हर म्हणाला.

“आलेच,” ती म्हणाली आणि दाराला धरून तशीच उभी राहिली. पायरी जेमतेम वीतभर उंच होती. तिनं पुन्हा पाय उचलून पाहिला.

बाबांनी मास्क बाजूला केला. त्यांनी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं.

“हात द्या तिला,” ते ड्रायव्हरला म्हणाले. “तिच्यानं आता चढवणार नाही.”