वरून सहावी ओळ

"...चार, पाच, सहा." कमलम्मांनी दगडावरून बोट फिरवत ओळी मोजल्या आणि सहाव्या ओळीवर विभूतीचे तीन पट्टे ओढले. बेलाचं पान ठेवलं. मग कपाळ टेकवलं.

शेजारी उभ्या असलेल्या रुद्राणीनं ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. तिथे पणजोबांचं नाव नव्हतं. 'भागवत, जळकोट' असं होतं.

लातूरच्या बागेतल्या हुतात्मा स्मारकापुढचं सतरा सप्टेंबरचं, मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन आटोपलं होतं. साहेब लोक गेले होते. कमलम्मा दर वर्षी शिरूर अनंतपाळहून एकट्याच यायच्या. एमएस्सी झालेली नात यंदा पहिल्यांदाच सोबत होती. आज्जीला वाचता येत नव्हतं. आजोबांनी कधीकाळी दाखवलेली जागा तिला पाठ होती, एवढंच.

अठ्ठेचाळीस साली कमलम्मांचे वडील विरूपाक्ष रझाकारांशी लढताना पडले, तेव्हा त्या पाच वर्षांच्या होत्या. प्रेत गावात आलंच नाही. लिंगायतांमध्ये वारलेल्या माणसाला मातीत बसवतात आणि वर समाधी बांधतात. विरूपाक्षांची समाधी म्हणजे ही एक ओळ.

रुद्राणी खाली वाकली. दगडाच्या तळाशी बारीक अक्षरं होती : 'नूतनीकरण २०१९. नावे वर्णानुक्रमे.' म्हणजे सहा वर्षं आज्जी परक्याच माणसापुढे कपाळ टेकत होती. रुद्राणीनं बाराही नावं तपासली. विरूपाक्ष अकराव्या ओळीत होते.

तिकडे तिचं बोट जाणार, तेवढ्यात एका म्हाताऱ्याचा हात आडवा आला.

"राम राम, अक्का. औंदा पोरगी घेऊन आलाव?"

"नात हाय माझी. या आप्पासाहेब. मला वाटलं, बसमधीच झोपलाव."

"जळकोटची बस ती. माझ्याआधी तीच झोपते."

दोघांची ओळख इथलीच, वर्षातून एका दिवसाची. दोघंही अंगठेबहाद्दर. आप्पासाहेबांनी वरून ओळी मोजल्या. अकरावीवर झेंडूचं फूल ठेवलं आणि शेजारी चिमूटभर तंबाखू.

"माझ्या बापाला चंचीबिगर करमत नव्हतं म्हणं. माय सांगायची," ते रुद्राणीला म्हणाले आणि लोटा घेऊन नळाकडे गेले.

बारा नावांतल्या नेमक्या या दोघांची अदलाबदल व्हावी, याची शक्यता रुद्राणीच्या डोक्यात आपोआप मांडली जाऊ लागली. तिनं ती थांबवली. प्रश्न तो नव्हता. सांगितलं तर ब्याऐंशी वर्षांच्या आज्जीची समाधीच हातातून जाणार होती. न सांगावं, तर चूक डोळ्यांसमोर तशीच सोडायची. ते तिला कधी जमलं नव्हतं.

तिनं आज्जीच्या कानाशी लागून सगळं सांगितलं.

कमलम्मांनी दगडाकडे पाहिलं. त्यांचा हात सहाव्या ओळीवरून निघाला आणि अधांतरी थांबला.

"मंग माझा बाप कुठं हाय?"

"तिथं. फुलाजवळ."

"तंबाखूजवळ?" कमलम्मांनी डोळे मोठे केले. "जन्मात शिवला न्हाई गं तो तंबाखूला!" मग त्यांना हसू आलं. पदर तोंडाशी धरला तरी आवरेना. "अन् ह्यांच्या बापाला मी विभूती फासून राहिले!"

रुद्राणीचा जीव भांड्यात पडला. "मी त्यांनाही सांगते, आज्जी. सोपं आहे. दोघांनी फक्त जागा बदलायची."

आप्पासाहेब लोटा भरून आले. गुडघे धरत, कण्हत खाली बसले. अकराव्या ओळीवर त्यांनी बेतानं पाणी सोडलं. मग उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं आणि एकेका अक्षराच्या खाचेतली धूळ काढू लागले. लहान लेकराचे कान पुसावेत तसे हलके हलके. पुसताना ते दगडाशी काहीतरी पुटपुटत होते. पीकपाण्याचं असावं.

रुद्राणी पुढे सरकली. कमलम्मांनी तिचं मनगट धरलं. त्यांचं हसू कधीच थांबलं होतं.

"नको सांगू," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या बापाला ल्योक न्हवता."