उघडी वाटी

आई गेली त्या सकाळी गॅसवर तिने ठेवलेलं दूध करपलं. तो वास स्वयंपाकघरातून जाईना. आज संध्याकाळी घर भाडेकरूंच्या ताब्यात द्यायचं होतं.

"ओट्यावर वाटीभर व्हिनेगर उघडं ठेव," मावशी म्हणाली. "कसलाही वास ओढून घेतं."

वास जाऊ नये असंच मला वाटत होतं. आईच्या हातचं तेवढंच उरलं होतं. तरी मी वाटी ठेवली आणि दार लोटलं.

थोड्या वेळाने पाहिलं, तर वाटीवर बशी पालथी घातलेली.

"मावशी, वाटी का झाकलीस?"

"मी कशाला झाकू? बूड हलवलं नाही मी इथून. ती खोड तुझ्या आईची. व्हिनेगर उघडं दिसलं की वर बशी घालायची, आणि तू जवळ असलीस की तुझ्या नाकावर हात."

मी बशी काढून जागेवर ठेवली. पुन्हा गेले, तर वाटीवर पुन्हा तीच बशी.

मग मी सगळ्या बश्या, ताटल्या, झाकण्या खोक्यात भरून मावशीच्या पायाशी आणून ठेवल्या.

"आता भांडी राखायला बसवतेस का मला?" ती म्हणाली.

मी आत गेले. या वेळी वाटी उघडीच होती. जवळ जाऊन मी वास घेतला. करपलेल्या दुधाचा येईना, व्हिनेगरचाही येईना.

"गेला का गं वास?" मावशीने बाहेरून विचारलं.

मला उत्तर देता येईना. मागून आलेला एक ओला, गार तळहात माझ्या नाकातोंडावर घट्ट बसला होता.