एक वर्षाची मुदतवाढ

मेरिटचा अर्ज विभागप्रमुख हॅल्वर स्टेन्सरुडने उभ्याउभ्याच वाचला. मग दार लावून घेतलं, खुर्चीत बसला आणि पुन्हा एकदा चवीने वाचला.

'गेल्या महिन्यात आम्हाला मुलगी झाली. नोकरीत कायम होण्याच्या सहा वर्षांच्या मुदतीत एका वर्षाची वाढ मिळावी. – मेरिट कॅल्डबेक.'

दोन वर्षं हॅल्वर अशाच एखाद्या संधीची वाट बघत होता. शिकागोच्या परिषदेत, तीनशे लोकांसमोर, या पोराने तळ्यातल्या बर्फाच्या त्याच्या गणितातली चूक काढून दाखवली होती. ज्या गणितावर हॅल्वरची तीस वर्षं उभी होती, तेच गणित. वर अदबीने म्हणालाही होता, "चूक काय, कुणाच्याही हातून होते." लोक हसले. हॅल्वरही हसला. पण डूख धरून बसला.

सहा वर्षांत कायम झालं नाही, तर चंबूगबाळं आवरायचं. मेरिटचं पाचवं संपत आलं होतं आणि मोठा लेख अजून अर्धवट होता. वर्ष मिळालं तर तरला, नाहीतर गेला.

खरं तर विद्यापीठाच्या नियमाने बाळंतपण किंवा घरचं आजारपण असेल, तर मुदतवाढ द्यावीच लागते. विभागप्रमुखाने अर्ज फक्त पुढे धाडायचा. पण हॅल्वरची रीत वेगळी होती. मागायला आलेल्याला कॉफी द्यायची आणि काळजीच्या सुरात सांगायचं, समिती म्हणेल, सात वर्षं घेतलीत, आता काम सात वर्षांचं दाखवा. माणूस आपणहून अर्ज परत न्यायचा. पंधरा वर्षांत चार जणी अशा परत गेल्या होत्या. पुढे चौघींचीही नोकरी गेली. कागद मात्र कुठेच नव्हता.

मेरिट आला तो बुटांवरचा बर्फ झटकत. हॅल्वरने त्याच्यासमोर कॉफी ठेवली.

"मुलगी कशी आहे?"

"आवाज खणखणीत आहे."

"छान. हे बघ, तुझ्या भल्याचं सांगतो. अर्ज परत घे. समितीला वाटेल, गडी कच्चा आहे."

"वाटू दे."

"बायको काय करते?"

"शाळेत शिकवते. शिकवावं लागतं."

"मग थोडे दिवस राहू दे की घरी! नाहीतर तुझ्या आईला बोलाव. आम्ही नाही पोरं वाढवली?"

मेरिटने कॉफीला हातही लावला नव्हता. "हॅल्वर, द्यायचं नसेल तर सरळ नाही म्हणा. पण त्या गणिताचा राग यात नको. मी तर तेव्हाच म्हटलं होतं, चूक कुणाच्याही हातून होते."

हॅल्वरच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"तू मला शिकवणार? नाही देत जा! हजारदा नाही!"

"बरं. मग तसं कळवा, म्हणजे झालं."

"कळवतो ना! आत्ता कळवतो!"

मेरिट जिना उतरायच्या आत त्याने ईमेल लिहून टाकली. 'माझ्या विभागात लंगोटांसाठी मुदतीचं घड्याळ थांबत नाही. आजवर कुणासाठी थांबवलं नाही, तुझ्यासाठीही थांबणार नाही. सप्टेंबरात कामाची फाइल दे, नाहीतर सामान बांध.' पाठवली आणि तो मोकळा झाला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या संध्याकाळी त्याला तळलेल्या माशाची चव लागली.

तीन आठवड्यांनी डीनबाईंचं बोलावणं आलं. पोरगा रडत गेला असणार, हॅल्वरला वाटलं. जाताना त्याने नवा टाय बांधला.

खोलीत डीन विनिफ्रेड रेनर होत्या. शेजारी विद्यापीठाचे वकील. खिडकीपाशी एक बाई तान्हं बाळ खांद्यावर थोपटत पाठमोरी उभी होती.

"मेरिट कुठे आहे?" हॅल्वरने विचारलं.

"काल राजीनामा दिला त्याने," डीन म्हणाल्या. "विस्कॉन्सिनला चाललाय, कायम पदावर. जानेवारीतच ठरलं होतं म्हणे."

"जानेवारीत? मग मार्चमध्ये मुदतवाढ कशाला हवी होती त्याला?"

डीननी त्याचीच ईमेल छापून त्याच्यापुढे सरकवली.

"चौघींच्या तक्रारी इथे वर्षानुवर्षं पडून होत्या. त्यांचा शब्द आणि तुमचा शब्द, एवढंच होतं. आता 'आजवर कुणासाठी थांबवलं नाही' हे तुम्हीच लिहून दिलंत. विभागप्रमुखपद आजपासून गेलं. चौकशी संपेपर्यंत वर्गावरही जायचं नाही."

खिडकीपाशी बाळ कुरकुरलं. त्या बाईने त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि ती वळली. हॅल्वरला ओळख पटायला वेळ लागला. नऊ वर्षांपूर्वी हिच्या वडिलांना अर्धांगवायू झाला होता, आणि आपला अर्ज चौकोनी घडी करून हिने पर्समध्ये परत ठेवला होता. थिया ब्रॅन्डवोल्ड.

"मीच म्हटलं नवऱ्याला," थिया म्हणाली, "निघायच्या आधी एक अर्ज तेवढा करून ये."