कोपऱ्यावरचा बोर्ड

आमच्या शाळेसमोरून मक्याचे ट्रक सुसाट जातात. अकरावीतल्या डॅनिकाने गावभर फिरून चारशे सह्या गोळा केल्या आणि नगराध्यक्ष मर्ल स्टुबर यांच्यापुढे ठेवल्या. मागणी एवढीच, की पोरं रस्ता ओलांडतात त्या कोपऱ्यावर ट्रकवाल्यांसाठी ‘थांबा’ची एक पाटी लावा.

"अगं बाळा, हायवे आहे तो! तिथे खांब रोवायला बंदी आहे," मर्ल म्हणाले. तीन बैठकांत त्यांनी हेच ऐकवलं.

मे महिन्यात मर्ल यांच्याच समाजसेवा क्लबने डॅनिकाला ‘वर्षाची विद्यार्थी नेता’ म्हणून निवडलं. सत्काराच्या नाश्त्याला, फुकटच्या पॅनकेकसाठी, अख्खं गाव लोटलं. मर्लनी माइक धरून घसा खाकरला. "अशी धडाडीची पोरं म्हणजे गावाची शान!"

"मग आमच्या कोपऱ्याचं काय, सर?" डॅनिकाने तिथल्या तिथे विचारलं.

"उद्या सकाळी जाऊन बघ तर खरं!" मर्ल हसले.

टाळ्यांनी हॉल दणाणला. मीही वाजवल्या, गाढवासारखं.

सकाळी त्याच कोपऱ्यावर दोन जाडजूड खांब उभे होते. बंदीचं काय झालं, ते विचारू नका. खांबांवर गॅरेजच्या दाराएवढा बोर्ड, त्यावर डॅनिकाचा हसरा फोटो आणि खाली मजकूर: ‘विद्यार्थी नेता डॅनिका सेडलॅक हिच्या गावात आपलं स्वागत!’



आता रस्ता ओलांडताना पोरांना येणारा ट्रक दिसत नाही. मध्ये डॅनिका येते.