नाव काढणं

"आबा, पाय काढा! बास, बास!"

गोकुळने दोनदा ओरडून सांगितलं तेव्हा कुठे जोतीरामने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. पंधरा वर्षांची मारुती थरथरत गप्प झाली. बारामती एमआयडीसीच्या कडेला उभ्या असलेल्या पीयूसीच्या व्हॅनमध्ये गोकुळ कॉम्प्युटरकडे बघत होता, आणि जोतीराम गोकुळच्या तोंडाकडे.

"न्हाय बसत. धूर लय हाय."

"आरं, कालच मिस्त्रीकडनं समदं साफ करून आणलंय. फिल्टर नवा, प्लग नवं."

"पर इंजिन जुनंच हाय न्हवं?" गोकुळ म्हणाला. "एक काम करा. भिगवण रोडनं चार-पाच किलोमीटर पळवून आणा. चांगली तापली की धूर कमी हुतोय."

जोतीरामने मुकाट्याने गाडी वळवली. शेजारी त्याची बायको सिंधुबाई कागदांची पिशवी मांडीवर धरून बसली होती, निरवांगीहून निघाल्यापासून ती तिने खाली ठेवली नव्हती. तिला एवढंच कळलं होतं की आज तीनच्या आत गाडी आरटीओपुढे उभी करायची, आणि त्याआधी हा धुराचा दाखला हातात पाहिजे. दाखला नसला तर पुढच्या पाच वर्षांची परवानगी नाही, आणि परवानगी नसली तर गाडी भंगारात. गेल्याच आठवड्यात एक भंगारवाला दारात येऊन गेला होता. सिंधुबाईने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि निरवांगीत याला भांडणच समजतात.

गाडी पोराची, युवराजची. कागदावर नाव बापाचं असलं तरी गाडी त्याचीच. युवराजला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून जोतीराम रोज सकाळी ती चालू करायचा, पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत आणून लावायचा. कुठे जायचं असो वा नसो.

दहा मिनिटांनी ते परत आले. गोकुळने पुन्हा सायलेन्सरमध्ये नळी घातली. जोतीरामने रेस दिली, सोडली, पुन्हा दिली. बोनेटखालून कसलासा चुर्र आवाज आला. पण गाडीने बिचारीने तग धरला.

"बसली! आबा, बसली बगा!"

जोतीरामला हसूच फुटलं. सिंधुबाईने बसल्या जागेवरून मोरगावच्या दिशेला हात जोडले.

"आता फोटो काढला की कागद घिऊन जावा," म्हणत गोकुळ मोबाईल घेऊन गाडीच्या मागे गेला. त्याने एक फोटो काढला. वाकून दुसरा काढला. फडक्याने प्लेट पुसून तिसरा काढला. मग बराच वेळ तिथेच उकिडवा बसून राहिला.

"काय झालं रं?" जोतीराम खाली उतरून मागे आला.

"कॉम्प्युटर फोटो घेईना. नंबर वाचता येत न्हाय त्याला."

नंबर साधाच होता, एकवीस एकावन्न. पण प्लेटवर दोनाचा र केला होता, एकाचा काना, पुढच्या पाच आणि एकाचा मिळून ज, आणि वरून झोकात एक रेघ ओढलेली. युवराजने ती स्वतः रंगवली होती. रंग वाळेपर्यंत दिवसभर कोंबड्या हाकत गाडीजवळ बसला होता.

"दोन एक पाच एक दिसाय पायजे," गोकुळ म्हणाला. "हितं राज दिसतंय."

"राजच हाय त्यो."

"आबा, मला वाचता येतंय वो. मशीनला येत न्हाय."

"मग तू हातानं लिव की नंबर."

"माज्या हातात आसतं तर लिवलं नसतं व्हय? आन मी लिवलं तरी ही प्लेट बघून आरटीओवाले गाडी आत घ्यायचे न्हाईत." गोकुळने आवाज खाली आणला. "माज्याकडं रेडियमचे आकडे हायती. ही अक्षरं खरवडायची आन त्याच्यावर आकडे चिकटवायचे. पाच मिनटाचं काम हाय. फकस्त नाव काढाय लागंल."

तीन वर्षांत जोतीरामच्या घरात ते नाव कोणी काढलं नव्हतं. पाहुणे आले तरी 'तुमचा पोरगा' म्हणून वेळ मारून नेत. एकदा पोस्टमनने त्याच्या नावाने हाक दिली, तर सिंधुबाई दोन दिवस जेवली नव्हती.

"दुसरं काय करता येत न्हाय का?"

"न्हाय, आबा."

दोन वाजून गेले होते. दुसऱ्या पाळीचे कामगार मोटरसायकलींवरून कंपन्यांकडे निघाले होते. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. गोकुळ व्हॅनमधून पत्र्याची पट्टी घेऊन आला आणि खाली वाकला, तशी जोतीरामने ती त्याच्या हातातून घेतली.

"सर बाजूला. मी काढतो."

तो मातीत गुडघे टेकून बसला. रंग कसला चिवट! पोराने हात राखून काही केलंच नव्हतं कधी. वरची रेघ निघाली. ज अर्धा निघाला. काळ्या रंगाचा भुगा त्याच्या धोतरावर पडत होता, आणि त्याला वाटत होतं, त्या मिस्त्रीने फिल्टर नीट बसवलाच नसता, धुरातच गाडी अडली असती तर बरं झालं असतं.

गाडीचं दार वाजलं. सिंधुबाई मागे येऊन उभी राहिली.

"काय करताय?"

"नाव काढतोय," जोतीराम म्हणाला. दुसरा शब्द त्याला सुचलाच नाही.

सिंधुबाई प्लेटकडे बघत राहिली. गोकुळने तोंड फिरवलं.

"युवराजच्या बारशाला समदी म्हनत हुती," ती म्हणाली, "पोरगं बापाचं नाव काढंल."