रविवारचा बिघाड

"नाना, परत इंग्रजी लावून ठेवलंत? मग मराठी अक्षरांचा चिवडा होणारच!" मृणालने वडिलांच्या ब्रेल-यंत्राची सेटिंग बदलली. नानांच्या बोटांखालचे ठिपके पुन्हा मराठीत बोलू लागले.

"मला कुठलं कळतंय ते सॉफ्टवेअर," नाना म्हणाले. लेक दर रविवारी हा बिघाड काढायला यायची आणि आलीच आहे तर जेवून जायची. म्हणून नाना शनिवारीच बिघाड तयार ठेवत.

त्या रविवारी मात्र अंधशाळेतल्या जुन्या मित्राचा, धोंगड्यांचा, फोन आला. त्यांचंही यंत्र तसंच अडलं होतं. नानांना राहवलं नाही. "सोपं आहे रे! मेनू उघड, भाषेत जा, मराठी निवड. शेंबडं पोरही करील!"

फोन ठेवला तेव्हा दारात मृणालच्या बांगड्या वाजल्या.

"शिकलात की!" ती मनापासून खूश झाली. "सुटले बाई मी."

पुढच्या रविवारी ती आली नाही. नानांनी फोन लावला. "अगं, परत चिवडा झालाय. पिठलंही झालंय."

"धोंगडेकाकांना सांगितलंत ना, तसंच करा."

नानांनी केलं. दुर्दैवानं यंत्र पहिल्याच झटक्यात सुधारलं.